तयारी, तीन प्रतींत

तोंडी बोलण्यावर विश्वास न ठेवणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमच्या ह्यांच्या मामांइतका कागदावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. मला तो अधिकार आहे. कचेरीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि गेली वीस-बावीस वर्षं मामांच्या हातच्या प्रत्येक कागदाच्या प्रती माझ्याच मशीनमधून निघाल्या आहेत. मामा दस्तलेखक. कचेरीच्या आवारात एक टेबल, एक टाइपरायटर आणि समोर एक बाक मांडून त्यांनी चाळीस वर्षं लोकांचे अर्ज, करारनामे आणि प्रतिज्ञापत्रं लिहिली. गुडघे बोलायला लागले तेव्हा टेबल उचललं, पण अर्ज लिहायचा हात काही थांबला नाही. शेजारच्यांचा बोका मामांच्या पडवीत येऊन बांगडा पळवून गेला, तर दुसरा कोणी बोक्याला हाणला असता किंवा शेजारणीशी भांडला असता. मामांनी ‘विषय : आपल्या पाळीव बोक्याच्या वर्तनाबाबत’ असा अर्ज लिहून शेजारी दिला आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शेजारणीची सही घेतली. आमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, दोन्हीकडच्या मंडळींनी कोणी काय आणायचं याचा त्यांनी कलमवार मसुदा करून आणला होता, आणि माझ्या वडिलांनी हसत हसत त्यावर सही केली होती. लग्नात नारळ कमी पडले तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, “कलम सात. मुलाकडचे.” मुलाकडचे म्हणजे ते स्वतःच होते. तसेच उठले आणि बाजारात गेले.

पण मामांचा खरा हातखंडा लिहिण्यात नव्हता, तयारी करून घेण्यात होता. साहेबासमोर उभं राहायचं म्हटलं की खेड्यातला माणूस सांगायचं तेच विसरतो, म्हणून मामा आधी त्याला आपल्या बाकावर बसवून, स्वतः साहेब होऊन, उलटसुलट विचारायचे. विचारलं तेवढंच सांगायचं, नजर खाली ठेवायची नाही, ‘बहुतेक’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. एकदा अलोऱ्याहून एक म्हातारी वारसनोंदीसाठी आली होती. मामांनी तिची दोन दिवस अशी काही उजळणी घेतली की साहेब नुसतं “बसा आजी” म्हणाले आणि म्हातारीने उभ्या उभ्या नवऱ्याचं, सासऱ्याचं, चुलतसासऱ्याचं नाव, गाव, गट नंबर आणि चतुःसीमा एका दमात म्हणून दाखवल्या आणि मग रडायलाच लागली. तिचं काम झालं, हे मात्र खरं. मामा आजही ती गोष्ट आपल्या पद्धतीचा पुरावा म्हणून सांगतात.

अशा माणसाच्या घरात सानिका जन्माला आली. मामांचा मुलगा मुंबईला एका कंपनीत, तो गणपतीला आणि शिमग्याला दिसतो. सून इथल्याच एका खासगी दवाखान्यात नर्स, तिची ड्यूटी सकाळी सुरू होते ती संध्याकाळी संपते. मामी चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून घरात दिवसभर मामा आणि शाळेतून आल्यावर सानिका, अशी दोनच माणसं. चार वाजता दोघांचा चहा. तिच्या चहात दूध जास्त, त्यांच्या चहात चहा जास्त. आइस्क्रीम हवं असेल तर तिने रीतसर अर्ज करायचा आणि मामांनी त्यावर शेरा मारायचा. ‘घसा दुखत असल्याने तूर्त नामंजूर’ असा एक शेरा मी स्वतः पाहिलेला आहे. पोरगीही काही कमी नव्हती, तिने त्यावर अपील केलं होतं.

मात्र चौथीत गेल्यापासून तिचं काहीतरी बिनसलं. सकाळी सात वाजले, दप्तर पाठीला लागलं की पोटात दुखायचं. नुसतं दुखायचं नाही, खरोखरच ओकायची. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, दृष्ट काढून झाली. कुणाला काही सापडलं नाही. शाळेत ती बोलेनाशी झाली होती. बाईंनी वाचायला उभं केलं की उभी राहायची आणि ओठ मिटून घ्यायची. घरी आल्यावर आजोबांशी मात्र चहा संपेपर्यंत अखंड बडबड. दिवाळीपर्यंत वजन इतकं उतरलं की फ्रॉकचा पट्टा दोनदा गुंडाळावा लागत होता. तिची आई माझ्या दुकानात येऊन, समोर गिऱ्हाईक असताना, रडली होती.

तिनेच कुठून तरी त्या शाळेचा शोध लावला. मालगुंडच्या अलीकडे एका आंब्याच्या बागेत दोघा-तिघांनी मिळून चालवलेली लहानशी शाळा. तिथे इयत्ता नाहीत, घंटा नाही, तास नाहीत. दिवसभर काय करायचं ते मुलं स्वतः ठरवतात, आणि शाळेचे नियमही मुलांच्या सभेत ठरतात. सोय अशी की सुनेचं माहेर मालगुंडलाच. जमलं, तर मायलेकी सोमवार ते शनिवार तिथे राहतील आणि सून तिथून ड्यूटीला ये-जा करेल. न जमलं, तर पुढे काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. जमलं तर मामा इथे एकटे, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. मामांनी तर विषयच संपवला. “पोरीचं पोट महत्त्वाचं,” एवढंच म्हणाले आणि शाळेचं पत्र वाचायला चष्मा लावला.

पत्र एक पानी होतं. प्रवेशाआधी मुलाने पंधरा दिवस शाळेत येऊन बघायचं. शेवटच्या दिवशी सभेत त्याने स्वतः सांगायचं, यायचं आहे की नाही, आणि मग इतर मुलं ठरवणार. खाली एक ओळ होती : ‘पालकांनी मुलाची कोणत्याही प्रकारची तयारी करून घेऊ नये.’ मामांनी ती ओळ तीनदा वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बघितलंस गो सूनबाई? म्हणजे नक्की काहीतरी विचारणार.” मी म्हटलं, मामा, नका म्हणतायत तर नका करू. ते माझ्याकडे इतक्या दयेने बघत राहिले की मीच ओशाळले. ज्या कार्यालयाने ‘कोणतेही कागद लागणार नाहीत’ असं सांगितलं, त्या कार्यालयाने पुढे सर्वांत जास्त कागद मागितले, असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. त्या अनुभवापुढे एका पानाचं पत्र काय टिकणार?

दुसऱ्या दिवसापासून माझं मशीन तापलं. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, रहिवासी दाखला, चारही वर्षांची प्रगतिपुस्तकं, तीन-तीन प्रती, प्रत्येकीवर मामांची सही आणि ‘खरी प्रत’चा शिक्का. लाल फाईल शाळेला, निळी फाईल घरात, आणि हिरवी फाईल, का कोण जाणे, माझ्या दुकानात. मग प्रश्नावली निघाली. मामांनी संभाव्य प्रश्न काढले ते एक्केचाळीस भरले. साहेब व्हायचा मान मला मिळाला, कारण तिथे सगळ्या ताईच आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. दुकानात गर्दी ओसरली की मी काउंटरच्या आत, सानिका बाहेर स्टुलावर, आणि मामा वकिलासारखे बाजूला उभे.

“तुला या शाळेत का यायचं आहे?” मी वाचलं.

“आई म्हणाली म्हणून,” सानिका म्हणाली.

“तसं नाय सांगायचं गो,” मामा म्हणाले. “स्वतःहून, असं सांगायचं.”

“पण आईच म्हणाली होती ना?”

मामांनी जरा विचार केला. “तुझं बरोबर आहे. पण ते रेकॉर्डवर नको.”

“तुला काय काय आवडतं?” मी पुढचा प्रश्न घेतला.

“मला काहीच आवडत नाही असं सांगितलं तर चालेल?”

“चालेल,” मामा म्हणाले, “पण कारण जोडावं लागेल.”

सगळ्यात अवघड भाग पुढेच होता. तिथे मुलं आपला दिवस आपण ठरवतात म्हटल्यावर, तिला ठरवायची सवय हवी, असं मामांच्या मनाने घेतलं. रोज चारचा चहा झाला की पाचपर्यंत पडवीत ‘मोकळ्या वेळेचा सराव’ सुरू झाला. मामा खुर्चीत बसायचे, हातातलं घड्याळ काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, “हां, आता तू ठरव. कर सुरू.” सानिका पायरीवर बसून राहायची. दहा मिनिटांनी, “काय ठरलं?” ती म्हणायची, “मुंग्या बघतेय.” “तसं लिहू?” “लिहा.” ती वही मी पाहिली आहे. चार दहा, मुंग्या. चार वीस, मुंग्या. चार पस्तीस, विषय बदलण्याची सूचना दिली, अमान्य. चार चाळीस, मुंग्या. त्या मोकळ्या वेळात पोरीला पाणी प्यायला उठायचीही चोरी झाली होती, कारण उठलं की नोंद. एके दिवशी तिने मला हळूच विचारलं, “काकी, तिकडे पण कोण वही घेऊन बसतं का?” मला मामांचा तेव्हा खरंच राग आला. मी त्यांना तसं बोललेही. ते वही मिटून म्हणाले, “ती तिथे गप्प राहिली तर? परत पाठवतील गो तिला.” रात्रंदिवस त्यांच्या डोक्यात ती मिटलेल्या ओठांची पोरगीच होती. तिच्यासाठी त्यांना येत होतं ते सगळं ते करत होते, आणि त्यांना एवढंच येत होतं.

या तयारीवर कळस चढला तो प्रतिज्ञापत्राने. मुलाने स्वतः ठरवायचं, ही शाळेची मुख्य अट. मग ते तिने स्वतः ठरवलं आहे याला पुरावा काय? मामांनी स्टॅम्पपेपर आणला आणि जुन्या टाइपरायटरवर ठणठणीत मजकूर उतरवला : ‘मी, खाली सही करणार, कुमारी सानिका, वय वर्षे नऊ, धंदा शिक्षण, राहणार रत्नागिरी, कारणे प्रतिज्ञापत्र लिहून देते ऐसाजे, सदर शाळेत येण्याचा निर्णय मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता घेत आहे.’ आता मुलगी पडली अज्ञान. अज्ञान माणसाची सही कायद्याला चालत नाही. म्हणून तिच्या वतीने, पालनकर्ता या नात्याने, खाली मामांनीच झोकात सही ठोकली. म्हणजे पोरीच्या स्वतंत्र निर्णयाचा मसुदा आजोबांचा, मजकूर आजोबांचा आणि सहीही आजोबांची. ही गोष्ट मी त्यांच्या लक्षात आणून दिली तेव्हा ते म्हणाले, “ती राजी आहे, हे मला ठाऊक आहे ना!” आणि तीन प्रती काढायला सांगितल्या.

पहिल्या दिवशी सुनेची ड्यूटी होती म्हणून माझ्या जुन्या गाडीतून मी दोघांना घेऊन गेले. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाला दोन पेनं. आरे-वारेच्या चढावर सानिका म्हणाली, पोटात दुखतंय. मी गाडी थांबवली. ती खाली उतरून उभी राहिली, समुद्राकडे बघत, आणि मामा मागे तिची वेणी धरून. ओकली नाही. मग परत बसली. शाळेच्या फाटकाशी एक ताई उभ्या होत्या. मामांनी लाल फाईल पुढे केली. ताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, कौलारू खोलीतल्या फडताळावर ठेवली आणि विचारलं, “आजोबा, चहा घेणार?” एक्केचाळीस प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. सानिकाला तर कुणी काहीच विचारलं नाही. एका मुलीने “चप्पल तिथे काढ” एवढं सांगितलं आणि ती पळाली.

पहिले तीन दिवस सानिका एका काजूच्या झाडाखाली बसून होती. मामा रोज चार वाजता फोन लावायचे आणि ताई शांतपणे सांगायच्या, “बसली होती.” मामा माझ्या दुकानात येऊन तळतळायचे. “दिवसभर बसली! आणि ह्यांनी साधी नोंद पण घेतली नाय!” पण ते पंधरा दिवस मायलेकी आजोळी होत्या आणि तिथून रोज सकाळी कळायचं की घावणे खाल्ले, पोट दुखलं नाही, आपणहून निघाली. चौथ्या दिवशी झाडाखालचं चित्र पालटलं. त्या शाळेत कुणाशी भांडण झालं की सभेकडे तक्रार लिहून द्यावी लागते, आणि बहुतेक मुलांचं घोडं तिथेच अडत होतं. सानिकाने झोपाळ्यावरून रडणाऱ्या एका धाकट्या मुलीला विचारलं, तुझं म्हणणं काय आहे, आणि वहीचं पान फाडून ‘विषय : झोपाळ्याच्या पाळीबाबत’ असा अर्ज लिहून दिला. तो सभेत मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी काजूखाली रांग लागली होती. मुलं येऊन उकिडवी बसायची, आपलं गाऱ्हाणं सांगायची, आणि जुन्या शाळेत तोंड न उघडणारी आमची पोरगी त्यांना उलटसुलट विचारायची : कधी झालं, कोण कोण होतं, ‘बहुतेक’ म्हणू नकोस. ताईंनी त्यातल्या एका अर्जाचा फोटो सुनेला पाठवला. मामांनी तो माझ्याकडून मोठा छापून घेतला, बराच वेळ वाचला आणि म्हणाले, “समास सोडला नाय.” मग पाठ फिरवून बाहेर गेले आणि रस्त्यावरच्या गाड्या बघत उभे राहिले.

पंधराव्या दिवशीची सभा मी पाहिली. मांडवात पंचवीस-तीस मुलं खाली बसलेली, सानिकाची आई, मी आणि मामा मागे बाकावर. अध्यक्ष म्हणून दोन वेण्यांची, बारा वर्षांची एक मुलगी. तिने आम्हाला आधीच बजावलं, “मोठ्यांनी बोलायचं असेल तर हात वर करा.” मामांच्या मांडीवर निळी फाईल होती. त्यांचे ओठ हलत होते, सानिकाकडून पाठ करून घेतलेली उत्तरं ते मनात म्हणत असावेत.

“सानिका, तुला यायचंय का?” अध्यक्षांनी विचारलं.

“हो,” सानिका म्हणाली. सरळ, मोठ्याने. तिच्या आईने माझा हात घट्ट धरला. “पण एक अडचण आहे. मी आणि आई इकडे आलो की आजोबांना दुपारी कोणी नाही.”

सभेत चर्चा सुरू झाली. एक मुलगा म्हणाला, आजोबांनीही मालगुंडला राहावं. सानिकाने सांगितलं, ते व्याह्यांच्या घरी राहत नाहीत, पाणी पिऊन निघतात. कुणी म्हणालं, त्यांना मित्र नाहीत का? सानिका म्हणाली, “आहेत, पण त्यांना कामं असतात.” मोठी माणसं ज्या गोष्टीवर महिनाभर पांघरूण घालत होती, ती ही पोरं झोपाळ्याच्या पाळीइतक्या सहजपणे मांडवात काढून बसली होती. मामा फाईलच्या दोऱ्याशी चाळा करत होते. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना.

“आपण काय ठरवतोय?” अध्यक्ष म्हणाली. “आजोबांचं आजोबांना विचारूया.”

मामांनी आधी हात वर केला आणि मग उभे राहिले. हजारो माणसांचं म्हणणं ज्यांनी शब्दांत मांडलं, ते एवढंच म्हणाले, “माझी काही हरकत नाय.”

ते बसायला लागले, तशी ती मुलगी म्हणाली, “हरकत नाही हे कळलं. पण तुम्ही दुपारी काय करणार, ते विचारलंय.”

मांडवात सगळी तोंडं मागे वळली. सानिकाही आजोबांकडे बघत होती. मामांनी एकदा तिच्याकडे बघितलं.

“ते मी ठरवलं नाय अजून,” मामा म्हणाले.

“मग ठरवा. घाई नाही,” अध्यक्ष म्हणाली, आणि सानिकाला घ्यायचं का म्हणून हात वर करायला सांगितले. सगळे हात वर झाले. पुढचा विषय विहिरीवरच्या दोरीचा होता.

मायलेकी आजोळी थांबल्या. परत येताना गाडीत मी आणि मामा दोघंच. मी मुद्दाम एक-दोन विषय काढले, त्यांनी नुसतं हं हं केलं. उन्हं अजून चांगली होती. त्यांच्या दाराशी मी गाडी उभी केली. पडवीत दोन खुर्च्या होत्या आणि दाराला कुलूप. एरवी गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडणारे मामा जागचे हलले नाहीत. मला वाटलं दार अडकलं असेल, म्हणून मी त्यांच्या अंगावरून हात घातला.

“उघडतं गो,” ते म्हणाले. “पण मी जरा बसतो इथेच. आत जाऊन काय करायचं, ते ठरायचंय.”

मी गाडी बंद केली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

“बसा की मामा,” मी म्हटलं. “मी पण बसते.”